वरचे सुटे

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कामाच्या वहीत खासगी काही लिहायचं नसतं, म्हणून ही दुसरी वही.

मुलगी घर सोडून गेली त्याला काल महिना झाला. जाताना तिनं एक बॅग नेली. हिवाळ्यातला कोट दाराआडच्या खुंटीवर राहिला. फोनचा नंबर तिनं बंद केला आहे. पोलिसांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेली आहे, आम्ही काय करणार.

तिची एकच खूण माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी पहिला पगार झाला तेव्हा तिनं बँकेची सुट्यांची योजना घेतली. तिच्या खात्यातून काही खरेदी झाली की बँक रक्कम वरच्या दहापर्यंत नेते आणि वरचे सुटे वेगळे ठेवते. सत्तेचाळीसची वस्तू घेतली तर पन्नास जातात, तीन बाजूला पडतात. या बाजूच्या खात्याला तिनं 'गल्ला' असं नाव दिलं आणि त्यावर पहिलं नाव माझं घातलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही एकेका ग्रॅमसाठी जीव टाकता. हे तुमच्यासाठीच काढलंय त्यांनी."

तिनं काय घेतलं, कुठे घेतलं, ते मला दिसत नाही. पण गल्ल्यात सुटे पडले की संदेश माझ्या फोनवर येतो. 'गल्ल्यात ३ जमा.' एवढाच.

ती गेल्यावरही संदेश येत होते. दिवसाला दोन, कधी तीन. सकाळी लवकर आला तर मी समजायचो, चहा प्यायली. पाच तारखेला दुपारी ८ आला. त्यानंतर काही नाही. आज सहा दिवस.

कामावर गेलो नाही. बायको दोनदा ताट ठेवून गेली, दोनदा तसंच उचलून घेऊन गेली.

"अहो, दोन घास खा."

"फोन वाजला का?"

"फोन तुमच्या हातात आहे."


१५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. गल्ल्यात ३ जमा.

बायको बाहेर गेली होती. ती आली तेव्हा दारातच सांगितलं. तिला दम लागला होता. चार मजले, बासष्ट पायऱ्या, लिफ्ट नाही. पिशवी खाली ठेवून ती खुर्चीत बसली.

"बरं झालं," म्हणाली. "आता जेवा."

मी दोन वेळा वाढून घेतलं. तिच्या पिशवीत एक नवी पेन्सिल होती. त्याच पेन्सिलीनं हे लिहितो आहे. पेनातली शाई सुकली आहे.


२९ ऑक्टोबर, मंगळवार

आता आकडे पूर्वीसारखे केव्हाही येत नाहीत. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. दोन्ही सकाळी, दहा ते साडेअकराच्या दरम्यान. तिला नोकरी लागली असावी. मंगळवारी आणि शुक्रवारी उशिरा जायचं असेल. पूर्वी तिला अजिबात शिस्त नव्हती. एकटं राहिलं की माणूस सुधारतं.

कामावर जातो आहे.


६ नोव्हेंबर, बुधवार

बँकेत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला होता. माझं खातं बघायला त्यांनी तो खाली घेतला.

"काका, हल्ली महिन्याला तुमचे साधारण चाळीस जमतात. त्यातले बारा आम्ही कापतो. आणि व्याज म्हणाल तर..." त्यांनी चिमटीत हवा धरून दाखवली.

"म्हणजे उपयोग नाही?"

"हाताला भोक असलेल्याला आहे. त्याच्या नकळत थोडं बाजूला पडतं. तुमच्यासारख्यानं एक तारखेला मोजून शंभर टाकले तर याच्या दुप्पट होतील. बंद करायला पहिल्या नावाची सही पुरते. फॉर्म देऊ?"

"बंद केल्यावर संदेश येणार नाहीत?"

"कशाचे येतील मग?"

मी विचारलं, कार्ड दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल तर.

"ते आम्हाला कसं कळणार? आणि हल्ली कार्ड लागतं कुठे, काका. फोन दाखवला तरी पैसे जातात." मग त्यांनी आपणहून सांगितलं की छोटी दुकानं कधीकधी चार-सहा दिवसांनी व्यवहार पाठवतात, तेव्हा आज आलेला आकडा आजचाच असेल असं धरून चालू नये.

फॉर्म घेतला. घडी घालून या वहीत ठेवला आहे.

घरी बायको म्हणाली, "त्या बाई बरोबर सांगतात. बंद करून टाका ते. काय फायदा त्याचा?"

मी म्हणालो, फायद्यासाठी कुणी ठेवलंय.

घरखर्चाला या महिन्यात शंभर जास्त मागितले तिनं. दिले.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज बाजारातले चौदा काटे तपासले. दोन नापास.

कुणी ही वही वाचणार नाही, तरी लिहून ठेवतो की माझं काम काय आहे. दुकानदारांचे काटे बरोबर तोलतात की नाही ते मी बघतो. सरकारी वजनांची पेटी घेऊन जातो. वजनं चिमट्यानं उचलतो, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. काट्यावर दुकानदार काय ठेवतो, चांगलं की सडकं, ते बघणं माझ्या कामात येत नाही. मी फक्त काटा तपासतो.

गाडीत ड्रायव्हरशी गल्ल्याचा विषय निघाला.

"साहेब, आमच्या घरीपण आहे ती योजना. सुट्यांतून बायकोनं इस्त्री घेतली. पण इस्त्री बघायला म्हणून पाच वेळा बाजारात गेली आणि पाचही वेळा रिकाम्या हातानं आली नाही. ती इस्त्री मला या गाडीच्या चार टायरांच्या किमतीला पडली."

मग म्हणाला, "वहिनी दिसल्या शुक्रवारी. स्टेशनरीच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी हॉर्न दिला, त्यांचं लक्ष नव्हतं."

बायकोला विचारलं. "बूट चावत होता," म्हणाली.

कात्री शोधताना स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर उघडला. पेन्सिली, खोडरबर, दोऱ्याची रिळं, टाचण्यांची डबी, खोकल्याच्या गोळ्या. घरात पेन्सिलीनं लिहिणारा मी एकटा.

"हे एवढं कशाला?"

"लागतं घरात."

आजचा आकडा ५.


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्रीपासून मला ताप. बायको उशाशी बसून होती, ओल्या पट्ट्या बदलत. साडेअकरा वाजले, बारा वाजले. आकडा नाही.

"तिलाही ताप आला असेल," मी म्हणालो. "आपल्या घरात एकाला आला की सगळ्यांना येतो."

"डोळे मिटून पडा."

"तिच्याजवळ कोण असेल?"

बायको थोडा वेळ हातात पट्टी धरून बसली. मग उठली. म्हणाली, तापावरची गोळी संपली आहे, घेऊन येते. तिनं गोळी आणायला तास लावला. ती जिना चढत होती तेव्हा फोन वाजला. गल्ल्यात ७ जमा.

माझा ताप उतरला. तिची बोटं इतकी गार होती की कपाळावर ठेवली तेव्हा मी दचकलो.


१ डिसेंबर, रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मुलीचा कोट तोलतो. हे बायकोला माहीत नाही. ती आंघोळीला गेली की करतो. घरचा काटा मी स्वतः तपासलेला आहे.

ऑक्टोबर: एक किलो दोनशे चाळीस. नोव्हेंबर: दोनशे अडतीस. आज: दोनशे अडतीस. दोन ग्रॅम हवेतल्या ओलाव्याचे. ते गेले.

कोट का तोलतो, ते लिहिता येत नाही. तोलून झाला की परत खुंटीवर लावतो, गळ्यापाशी, तिनं लावला होता तसा.


११ डिसेंबर, बुधवार

ती का गेली ते इथे एकदा लिहायला हवं.

एका बेकरीवाल्याशी लग्न करायचं तिनं ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये एका सकाळी मला सांगितलं. मी वजनांची पेटी उचलून कामावर निघालो. त्या दिवशीच्या तपासणीच्या यादीत ती बेकरी होतीच, मी मुद्दाम घातली नाही. मी गेलो तेव्हा ती आत होती. त्याचा एप्रन बांधून पाव कागदात गुंडाळत होती. मला बघून हसली.

काटा आठ ग्रॅम खोटा निघाला. सूट पाचपर्यंत असते. मी काट्याला सील लावलं आणि नोंद केली. नियमाप्रमाणे दुकान अकरा दिवस बंद राहिलं, दारावर कागद चिकटवला गेला. नंतर गिऱ्हाईक परत आलं नाही. त्यानं बेकरी विकली आणि गाव सोडलं. आठवडाभरानं ती गेली. त्याच्याकडे की एकटी, माहीत नाही.

"आठ ग्रॅम, बाबा," एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, काटा खोटं सांगत नाही.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. विजेवरचा काटा चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यायचा असतो. गार काटा चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हे शिकवतो. त्या सकाळी मी दहा मिनिटंही थांबलो नाही. तो एप्रन मला बघवत नव्हता.

कदाचित तीन ग्रॅम होते. कदाचित आठच होते. पुन्हा तपासायला तो काटा आता कुठे आहे, कोण जाणे.


२० डिसेंबर, शुक्रवार

माझा वाढदिवस. गल्ल्यात ९ जमा.

आजपर्यंत ९ कधी आला नव्हता. ९ यायला किमतीच्या शेवटी एक लागतो, आणि तशा किमती दुकानदार लावत नाहीत. ती पाच वर्षांची असताना तिला वाटायचं की नऊ हा जगातला सगळ्यात मोठा आकडा आहे. कुणी काही द्यायला लागलं की म्हणायची, नऊ द्या. ही गोष्ट मी बायकोला मागच्याच आठवड्यात पुन्हा सांगितली होती. आणि आज नऊ आला. तिला आठवण आहे. तिनं शोधून शोधून तशी वस्तू घेतली असणार.

बायको एक वाजता आली. ओठ निळसर दिसत होते. पाय सुजून बुटात रुतले होते, मी ते ओढून काढले.

"एवढा वेळ कुठे होतीस?"

"तुमच्यासाठी लेस बघत होते बुटाची."

लेस तपकिरी आहे. माझे बूट काळे आहेत. पण तिला नऊची बातमी सांगितली तेव्हा ती इतकी खूश झाली की लेसेबद्दल मी काही बोललो नाही.


५ जानेवारी, रविवार

कोट तोलला. एक किलो दोनशे एकोणपन्नास.

काटा पुसला, शून्यावर आणला, पुन्हा तोलला. दोनशे एकोणपन्नास. पेटीतलं एक किलोचं वजन ठेवून काटा तपासला. काटा बरोबर आहे. अर्धा तास तापवून पुन्हा तोलला.

अकरा ग्रॅम वाढले आहेत. बाहेर कोरडी थंडी आहे. ओलाव्याचे नव्हेत.

कोट मी जवळ घेतला. बाहीला बाहेरच्या हवेचा वास होता. चार महिने खुंटीवर असलेल्या कोटाला धुराचा, रस्त्याचा वास. खिशात हात घालावा असं वाटलं. हात खिशाच्या तोंडापर्यंत गेला आणि पुढे जाईना. माझ्या आधी तिथे दुसरा हात असेल, असं वाटलं.

बायको आंघोळीहून आली तेव्हा मी कोट खुंटीवर लावून खिडकीपाशी उभा होतो.

"काय झालं? तोंड का असं?"

"काही नाही. थंडी फार आहे."

"आहे खरी," ती म्हणाली. "माझ्या शालीनं भागत नाही."


२१ जानेवारी, मंगळवार

४. पावणेबाराला.

बायको आता दुसऱ्या मजल्यावर थांबते, मग तिसऱ्यावर. वर आली की पाच मिनिटं बोलत नाही. म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. म्हणाली, फेब्रुवारीत जाऊ. म्हटलं, निदान या थंडीत बाहेर जाऊ नकोस.

"पाय मोकळे करायला नको?"

"गॅलरीत कर मोकळे."

ती हसली. मग एकदम म्हणाली, "अहो, तो गल्ला बंद करा ना. माझ्यासाठी करा."

"तुझ्यासाठी कसा?"

"तुम्ही दिवसभर फोनकडे बघत बसता, मला बघवत नाही. समजा आकडा आला नाही, तर ती नाही असं थोडंच आहे?"

"आला, तर आहे असं आहे," मी म्हणालो. "एवढं एकच मला पक्कं माहीत आहे. तेवढं तरी राहू दे."

तिनं मान हलवली. पुन्हा तो विषय काढला नाही.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

बायको दुकानात कोसळली. कोपऱ्यावरची स्टेशनरीवाली तिला टॅक्सीत घालून इस्पितळात घेऊन गेली आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा ती बाई बाकावर बसली होती, मांडीवर मुलीचा कोट. बायको तो घालून गेली होती.

"भाऊ, मी ओळखते यांना," ती म्हणाली. "दर मंगळवारी, शुक्रवारी येतात. एकच काहीतरी घेतात, कार्डानं. आधी सगळ्या किमती वाचतात. मी चिडवायचे, की बाई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक असेल तर मी दोन वर्षांत बंगला बांधेन." मग तिनं माझ्या हातात सुयांचं एक पाकीट दिलं. "हे त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. सोडवून घ्यावं लागलं."

मी नीट ऐकत नव्हतो. डॉक्टर बोलवत होते.

हृदयाची झडप निकामी होत आली आहे. कधीपासून दम लागतो, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ऑक्टोबर. जिने किती, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बासष्ट पायऱ्या. त्यांनी कागदावरून नजर वर केली. शस्त्रक्रिया मंगळवारी.

आज आकडा आला नाही.


८ फेब्रुवारी, शनिवार

दाखल करायला तिचे कागद हवे होते. ते आणायला घरी आलो. तिची पर्स उघडली.

आतल्या चेनच्या कप्प्यात एक लिफाफा होता. मुलीचं अक्षर. पत्ता बायकोच्या नावानं. पोस्टाचा शिक्का आठ ऑक्टोबरचा. गावाचं नाव उमटलेलं नाही, शाई अर्धीच लागली आहे. आत मुलीचं बँकेचं कार्ड. चिठ्ठी नाही.

कोटाच्या उजव्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट. तोललं. अकरा ग्रॅम.


९ फेब्रुवारी, रविवार

ड्रॉवर टेबलावर उपडा केला.

गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा तिनं ठेवली आहेत. कोटाच्या खिशातलं पाकीट धरून सगळ्या मिळून तेहतीस वस्तू. पंधरा ऑक्टोबरपासून चार फेब्रुवारीपर्यंत तेहतीस आकडे. तपकिरी लेसेवर चिकटपट्टी आहे: ४१.

सुयांचं पाकीट यात धरलं नाही. ते मी शुक्रवारी घरी आलो तेव्हा कोटासोबत कपाटावर ठेवलं होतं. आता ड्रॉवरमध्ये, एका कोपऱ्यात, पालथं ठेवलं आहे.

बँकेतल्या बाईंना मी विचारलं होतं, उपयोग आहे का. या तेहतीस आकड्यांतून जमले एकशे एकसष्ट. बँकेनं कापले अठ्ठेचाळीस. बायको चढली तेहतीस वेळा बासष्ट, म्हणजे दोन हजार सेहेचाळीस पायऱ्या. हे तिन्ही एका काट्यावर ठेवता येत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये मी जेवत नव्हतो. तिला दुसरं काय सुचणार होतं.

आणि मुलगी. आठ ऑक्टोबरनंतर तिची काहीच खूण नाही. चार महिने मी ज्या मुलीला चहा पिताना, कामावर जाताना, तापात पडलेली बघत होतो, ती नव्हती. ती कुठे आहे, आहे की नाही, हे मला ऑक्टोबरइतकंच माहीत आहे.

मी काटा तपासत होतो. त्यावर कोण काय ठेवतं, ते बघितलं नाही.

बँकेच्या फॉर्मवर सही केली. परवा शस्त्रक्रिया झाली की देऊन येईन.


११ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ वाजता तिला आत नेलं. दारापाशी तिनं माझं बोट धरलं.

"फोन चालू आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"आज नाही आला तर जिवाला लावून घेऊ नका. कधीकधी उशिरा येतो."

मी हो म्हणालो. कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं. त्याच्यामागे सही केलेला फॉर्म.

बाहेरच्या खोलीत सात खुर्च्या, पाण्याची टाकी, एक घड्याळ. दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन थरथरला.

गल्ल्यात ६ जमा.

मी खिशावर हात ठेवला. कार्ड तिथेच होतं. बायको दाराच्या पलीकडे, बेशुद्ध.

बराच वेळ मी विचार केला तो असा. छोटी दुकानं उशिरा व्यवहार पाठवतात. शुक्रवारच्या सुया आज आल्या असतील. किंवा कार्ड लागत नाही, फोन दाखवला तरी पैसे जातात. खातं मुलीचं आहे. ती कुठेतरी काहीतरी घेत असेल.

दोन्हींतलं कुठलं, ते ओळखणं सोपं आहे. सुयांच्या पाकिटावर किमतीची चिकटपट्टी आहे. किंमत चारवर संपत असेल तर सहा सुयांचे. नसेल तर नाहीत.

एक वाजता डॉक्टर आले. म्हणाले, झडप बदलली, ठीक आहे.

कपडे आणायला घरी आलो. ड्रॉवर उघडला. पाकीट पालथं होतं. नुसतं बोट लावलं असतं तरी उलटलं असतं. सव्वीस वर्षांत तपासायची वस्तू समोर असताना मी हात मागे घेतलेला नाही.

ड्रॉवर लावला. फॉर्म फाडला.


१६ फेब्रुवारी, रविवार

बायको उशीला टेकून बसली. सूप प्यायली. मग म्हणाली, "काही आलं का?"

आजवर तिनं हे कधी आपणहून विचारलं नव्हतं.

"मंगळवारी आलं. सहा."

"मंगळवारी?" ती माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिली. मग हळूच, जसं भाजीबद्दल विचारावं तसं, विचारलं, "काय घेतलंत?"

म्हणजे मला कळलं आहे, हे तिला कळलं.

"मी काही घेतलं नाही. खुर्चीवरून उठलोही नाही."

"खरं?"

"खरं."

"मग?"

"सुयांचे असतील," मी म्हणालो. "उशिरा आलेले."

"छे," ती लगेच म्हणाली. "सुयांचे पैसे द्यायचेच राहिले. कार्ड पुढे करणार, तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. पाकीट तसंच हातात राहिलं." तिनं चादरीची घडी सारखी केली. "म्हणजे ती आहे, अहो."

मी तिच्या आवाजाकडे कान लावून होतो. स्वच्छ, सरळ आवाज. लेस बघत होते, असं म्हणाली होती तेव्हाही असाच होता.

"आहे," मी म्हणालो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "दुकानात जाऊन तिचे पैसे तेवढे देऊन या. कुणाचं राहायला नको."

"देतो. आणि आता तू मंगळवार-शुक्रवार करायचा नाहीस."

"तुम्ही कराल?"

"कुणीच नाही. येईल तेव्हा येईल."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "नऊसाठी चार दुकानं फिरले मी. चार."


२५ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा तारखेनंतर आकडा आलेला नाही.

पैसे द्यायला नऊ दिवस लावले. रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. पैसे दिलेले असतील तर ती बाई सांगेल, दिलेत की त्यांनी. दिलेले नसतील तर किंमत सांगेल. काहीही झालं तरी मला कळणार. आणि न द्यावेत, तर बायको खरं बोलली असेल तेव्हा एका पाकिटाची चोरी माझ्या नावावर राहणार. आठ ग्रॅमसाठी मी एक दुकान बंद केलं आहे.

आज गेलो. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती जाईपर्यंत थांबलो. दार उघडंच होतं, वारा आत येत होता. बाईंनी ओळखलं.

"कशा आहेत वहिनी?"

"बऱ्या आहेत. घरी आणलं." मी शंभराची नोट काउंटरवर ठेवली. "सात तारखेच्या सुया. त्याचे."

"सुया?" तिनं नोटेला हात लावला नाही. कपाळाला आठ्या घालून आठवायला लागली. "थांबा हं, भाऊ. त्या दिवशी त्यांनी..." ती मशीनजवळच्या वहीकडे वळली आणि पानं मागे उलटायला लागली.

"वरचे राहू द्या," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

तिनं मागून हाक मारली. दोनदा मारली. रस्त्यावर गाड्या होत्या, तरी मी ओलांडला.

बासष्ट पायऱ्या चढलो. बायको दाराशी खुर्ची ओढून बसली होती, अंगावर मुलीचा कोट.

"दिलेत?"

"दिले."

"काही म्हणाली?"

"नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझा आवाज कसा लागला, ते तिलाच माहीत.